क्यूब, गोलमा आणि रश्श्याची रुची

१ जूनला मासेमारीबंदी लागते आणि ३१ जुलैपर्यंत मालवण-वेंगुर्ल्याचे ट्रॉलर बंदरात उभे राहतात. हे दोन महिने सिंधुदुर्गातला स्वयंपाक आगोटीला भरून ठेवलेल्या सुक्या मासळीवर चालतो. गोलमा म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी, सुकी सुंगटं, खारा बांगडा. फळीवर या डब्यांच्या शेजारी आता किराणा दुकानातून आणलेली सूपची क्यूबही असते. कालवण पाणचट लागलं की अर्धी क्यूब टाकायची, चव येते. पण गोलमा जे करतो तेच ती करते का? रसायनशास्त्राचं उत्तर ‘बऱ्याच अंशी हो’ असं आहे. उरलेल्या अंशात मात्र मोठा फरक आहे.

१९०८ साली टोकियोतले रसायनतज्ज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं केलं. गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी कशातच न बसणाऱ्या या भरीव चवीला त्यांनी ‘उमामी’ म्हटलं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये ज्युलियस मॅगी यांची सूपची क्यूब बाजारात आली. इकेदांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना १९१३ मध्ये सुक्या बोनिटो माशात दुसरा उमामी पदार्थ सापडला, इनोसिनेट. पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीला अकिरा कुनिनाका यांनी दाखवलं की ग्लुटामेट आणि असे न्यूक्लिओटाइड एकत्र आले की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी पट वाढते.

याचं कारण जिभेवरच्या ग्राहक प्रथिनात आहे. २००२ मध्ये ओळख पटलेलं हे प्रथिन टी१आर१ आणि टी१आर३ या दोन भागांचं असतं. त्यातल्या टी१आर१ची रचना कुर्लीच्या डेंग्यासारखी आहे. ग्लुटामेट आत आलं की डेंगा मिटतो आणि चवीचा संदेश जातो. इनोसिनेट त्याच्या तोंडाशी चिकटून तो मिटलेलाच धरून ठेवतं, म्हणून थोडंसं ग्लुटामेटही खूप जाणवतं.

क्यूब बनवणाऱ्यांनी हे शास्त्र पुरेपूर वापरलं आहे. वेष्टणावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, तेवढे वाचले तरी पुरे. बहुतेक वेळा पहिलं नाव मिठाचं. मग पाम तेल, साखर, मैदा किंवा मक्याचं पीठ, कांदा-लसणाची भुकटी. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, ६३१ इनोसिनेट, ६२७ ग्वानिलेट आणि ६३५ म्हणजे या शेवटच्या दोघांचं मिश्रण. चिकनच्या क्यूबमध्ये चिकन शोधायला यादीत बरंच खाली जावं लागतं.

यातल्या ६२१ला लोक उगाच घाबरतात. १९६८ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रापासून ही भीती पसरली. नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत नेहमीच्या आहारातल्या प्रमाणाने त्रास होतो याला ठोस आधार मिळाला नाही. टोमॅटोतलं ग्लुटामेट आणि कारखान्यातलं ग्लुटामेट एकच रेणू आहे. काळजी करायची ती मिठाची. क्यूबचं साधारण निम्मं वजन मीठच असतं. १० ग्रॅमची क्यूब धरली तर ५ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. शिवाय आपण क्यूब टाकतो आणि सवयीने वरून मीठही घालतोच. क्यूबची खरी अडचण हीच आहे की तिची रुची हवी असेल तर तिचं मीठही घ्यावंच लागतं.

गोलम्यात ही सक्ती नाही. खारा बांगडा मिठात मुरवलेला असतो, पण गोलमा सहसा मिठाशिवायच उन्हात वाळतो. ताज्या कोलंबीचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग पाणी असतो. ते गेलं की मागे राहिलेल्या अमिनो आम्लांचा अर्क दाट होतो. त्यात ग्लायसिन भरपूर, कोलंबीची गोडसर चव त्याचीच. मासा मेल्यावर त्याच्या पेशींतलं एटीपी टप्प्याटप्प्याने मोडत जातं. वाटेत इनोसिनेट तयार होतं आणि मासा पडून राहिला तर तेही मोडून शेवटी कडवट हायपोझँथिन उरतं. कोलंबीत ही साखळी मुख्यतः एएमपी या टप्प्यापाशी रेंगाळते. तेही उमामी वाढवणारंच. वाळवण लवकर झालं तर विघटन तिथेच थांबतं. म्हणून पकडल्याच्या दिवशी कडक उन्हात पडलेला गोलमा आणि ढगाळ हवेत कसाबसा सुकलेला गोलमा यांच्या चवीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

ग्लुटामेटच्या बाबतीत मात्र गोलमा क्यूबपुढे टिकत नाही, हे मान्य करायला हवं. ती बाजू टोमॅटोने सांभाळायची. पिकलेल्या टोमॅटोत मुक्त ग्लुटामेट चांगलं असतं. गोलमा, कांदा, टोमॅटो असा मेळ आपल्या बायकांनी प्रयोगशाळेला न विचारताच चुलीवर बसवला. गोलमा तव्यावर भाजला की मेयार अभिक्रियेतून पायराझिन तयार होतात आणि तो खमंग वास येतो. भाजलेल्या खोबऱ्याचा खमंगपणाही त्याच जातीचा, म्हणून तो वाटपात सहज मिसळतो. क्यूबमधल्या तयार मसाल्याचा वास मात्र तिरफळावर कुरघोडी करतो. बांगड्याच्या कालवणात क्यूब घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रश्श्याचा ओठांना जाणवणारा दाटपणा ना क्यूबमधून येतो, ना गोलम्यातून. तो जिलेटिनचा. माशाच्या कोलॅजेनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन कमी असतं, त्यामुळे ते कमी उष्णतेला विरघळतं. मटणाच्या हाडांना काही तास लागतात, सुरमईच्या डोक्याला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. बाजारात मासे साफ करून घेताना डोकी तिथेच सोडून येणं हा मोठा तोटा आहे.

शिवराक, म्हणजे मासे-मटण नसलेल्या दिवशी क्यूबची बाजू जरा वजनदार होते, कारण कडधान्यातलं बहुतेक ग्लुटामेट प्रथिनात बांधलेलं असतं आणि बांधलेल्याला उमामी चव नसते. मोड आणल्यावर थोडं सुटं होतं. काळ्या वाटाण्यांना मोड आणा, शिजवलेलं पाणी फेकू नका, मग सांबाऱ्याला बाहेरचं काही लागत नाही. भाज्यांच्या पुलावात मात्र पाव क्यूब खुशाल घाला. ती आधी घाला, चव पाहा आणि मीठ अगदी शेवटी.

गोलमा घेताना वाळू आणि ओल पाहावी. मंद आचेवर कुरकुरीत भाजून, पूर्ण गार करून त्याची पूड करावी आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. चार माणसांच्या कालवणाला चमचाभर पुरते. कोलंबीची ॲलर्जी असणाऱ्यांना भाजून, उकळूनही ती चालत नाही, कारण ॲलर्जी आणणारं ट्रोपोमायोसिन उष्णतेला दाद देत नाही. युरिक ॲसिड वाढलेल्यांनीही हात आखडता घ्यावा, ज्या न्यूक्लिओटाइडांनी चव येते तेच प्युरिनांचे साठे आहेत. नीट न वाळलेल्या सुक्या बांगड्यात जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होऊ शकतं आणि ते शिजवून जात नाही. तो जिभेला चुरचुरला तर पुढचा घास घेऊ नये.