नीलकंठशास्त्री गोरे यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ : एका पूर्वपक्षाची उत्तरकथा

ईश्वरापासून पळणें आणि शेवटीं त्याच्याच दयेचा आश्रय करणें, हा ख्रिस्ती वाङ्मयांतील जुना विषय होय. बायबलांतील योना नांवाचा संदेष्टा निनवे नगरास जाण्याची आज्ञा मोडून तार्शीशच्या गलबतांत बसला. कारण ग्रंथांतच दिलें आहे : ईश्वर दयाळू असल्यामुळें शत्रूच्या नगरासहि क्षमा करील, हें त्यास सोसवत नव्हतें. आमच्याकडील एका शास्त्र्याची हकीकत याच्या अगदीं उलट आहे. व तिचा मूळ पुरावा संस्कृत ग्रंथांत असल्यामुळें पोथ्यांच्या संग्राहकांनीं ती ध्यानांत घेण्याजोगी आहे.

नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म इ. स. १८२५ मध्यें झांशीनजीक काशीपुरा येथें झाला. घराणें कोंकणस्थ, विद्याभ्यास काशींतला. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ (१८३९) या संस्कृत कृतीनें पंडितांत मोठा वाद माजविला होता. तिच्या उत्तरार्थ शास्त्रीबोवांनीं १८४४ च्या सुमारास, वयाच्या विशींत, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचिला. काशींतील मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशींहि त्यांचा वाद चालला होता.

या ग्रंथांतील मुख्य आक्षेप ब्रह्मसूत्रांच्या वाचकांस परिचित आहे. पूर्वकर्म न मानिलें, तर एक जीव जन्मतः सुखी व दुसरा दुःखी कां? मग ईश्वराच्या माथीं वैषम्य व नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात व निर्दयता, हे दोष येतात. शिवाय अल्प आयुष्यांतील पापास अनंत नरक, हा न्याय कोणता? योना पळाला तो ईश्वर दयाळू म्हणून. शास्त्रीबोवा दूर राहिले ते तो निर्दय ठरतो म्हणून.

परंतु खंडनासाठीं हातीं घेतलेलें शुभवर्तमानच त्यांस ओढूं लागलें. १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हें नांव धारण केलें. इंदुरीजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगराशीं तुकोबांचें नांव निगडित असल्यानें आमच्या मावळांत ‘पतितपावन’ हा शब्द कोणास शिकवावा लागत नाहीं. ख्रिस्ती मतांतील दयेचा विशेष असा कीं, तेथें पाप्याचा दंड माफ होतो तो ख्रिस्तानें स्वतः भोगिल्यामुळें. नैर्घृण्याच्या आक्षेपास त्या मताचें हेंच उत्तर होय.

हें उत्तर शास्त्रीबोवांस एकदम पुरलें काय? १८६८ त त्यांनीं अनंत शिक्षेवरील आक्षेपांचा विचार करणारें इंग्रजी पुस्तक कलकत्त्यास प्रसिद्ध केलें. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर वीस वर्षांनींहि तारुण्यांतील पूर्वपक्ष त्यांच्या मागें होताच. यावरून आम्हांस वाटतें कीं, त्यांनीं दयेचा आश्रय केला तो वादाचा निकाल लागल्यावर नव्हे, तर वाद चालू असतांच. पंडिता रमाबाईंवर त्यांच्या विचारांचा प्रभाव पडला, त्याचें बीजहि कदाचित् या सचोटींत असावें. १८९५ सालीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ सदाशिव कात्रे यांनीं संपादून उज्जयिनीस १९५१ त छापविला. त्याची गणना केवळ ख्रिस्तमतखंडनांत करणें, किंवा कर्त्यानें सोडलेलें मत म्हणून तो बाजूस टाकणें, दोन्ही अयोग्य होत. सूचिकारांनीं धर्मांतरापूर्वींचे व नंतरचे ग्रंथ एकाच कर्त्याच्या नांवाखालीं लावावे. कारण पूर्वपक्ष हरवला, तर उत्तरपक्षाचा अर्थहि हरवतो.

इंदुरी, मावळ.