जूचंद्रहून निघणारी बेटाची सहल

युनेस्कोने २०१० साली भूमध्य समुद्राकाठच्या खाण्यापिण्याच्या रीतीला मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली. तेव्हा यादीत चार देश होते: स्पेन, इटली, ग्रीस आणि मोरोक्को. २०१३ साली त्यांत क्रोएशिया, सायप्रस आणि पोर्तुगाल यांची भर पडली. आता नकाशा उघडून बघा. पोर्तुगालला भूमध्य समुद्राचा हातभरही किनारा नाही. त्याच्या वाट्याला आलेलं सगळं पाणी अटलांटिक महासागराचं. तरीही त्याचं ताट भूमध्य ठरलं, कारण लसूण, द्राक्षाची दारू, खारवलेली मासळी आणि पंगतीला वेळ काढायची सवय या गोष्टी किनारा बघून वस्ती करत नाहीत.

हेच पोर्तुगीज १५३४ ते १७३९ अशी दोनशेहून अधिक वर्षं वसईत होते. किनारा नसताना पोर्तुगालला जी सवलत मिळते, ती वसईला का मिळू नये, असं मला वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडताना दर वेळी वाटतं.

सिसिली, माल्टा किंवा क्रीट बेटावर हल्ली छोट्या गटांच्या सहली निघतात. आठ-दहा माणसं, एक गाडी आणि तिथलाच एक वाटाड्या. सकाळी बाजार, दुपारी कुणाच्या तरी शेतघरात स्वयंपाक, संध्याकाळी मिठागरं, मध्ये एखादं चर्च, एखादा पडका किल्ला. नेमकी अशीच सहल जूचंद्रहून निघू शकते, आणि तीही बेटाचीच.

वसई बेट होतं, हे आज सांगून पटत नाही. दक्षिणेला उल्हास नदीची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, आणि मुख्यभूमीपासून वसईला वेगळी करणारी सोपाऱ्याकडून येणारी खाडी. गाळ, बांध आणि भराव यांनी ती खाडी आटवत नेली आणि बेट जमिनीला चिकटलं. जूचंद्र मुख्यभूमीच्या अंगाला आहे. पाठीशी डोंगर, समोर मिठागरं. किनारपट्टीवर लहान बेटाला ‘जुवे’ म्हणतात. गोव्यात सांत इस्तेव्ह बेटाचं जुनं नाव जुवें, आणि मुंबईचं जुहू हेही एके काळी बेटच. जूचंद्र हे नाव कानावर पडलं की हा शब्द हटकून आठवतो.

सहल सुरू करावी ती गावाच्या डोंगरावरच्या चंडिकादेवीच्या देवळापासून. देवीचं दर्शन तर घ्यावंच, पण तिथून खालचा मुलूख एका नजरेत येतो. वसई–दिवा मार्गावरचं जूचंद्र स्टेशन, महामार्ग, नव्या इमारतींचे डबे आणि त्यांच्या फटींतून चमकणारे मिठागरांचे चौकोन. आगरी हा शब्द ‘आगर’ यावरून आला, आणि हे आगर म्हणजे मिठाचं आगर. इथल्या समाजाचं नाव आणि डोळ्यांसमोरचं पाणी, दोन्हींचं मूळ एकच.

मिठाच्या बाबतीत सिसिली आणि जूचंद्र यांची तुलना करताना एक मोठी गंमत दिसते. सिसिलीच्या पश्चिम टोकाला त्रापानीची मिठागरं आहेत आणि तिथल्या पवनचक्क्यांचे फोटो जगभर फिरतात. पवनचक्की कशाला? मीठ दळायला, आणि पाणी चढवायलाही. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. बहुतेक किनाऱ्यांवर पाणी वीतभर, फार तर हातभर चढतं. आपल्याकडे उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. त्रापानीत जे काम वारा करतो, ते इथे चंद्र करतो. उधाणाचं पाणी बांधाच्या उघाडीतून साठवणीच्या तळ्यात घ्यायचं, उघाडी बंद करायची, आणि मग एका खणातून दुसऱ्या खणात असं खेळवत ते उन्हात आटवायचं.

समुद्राच्या पाण्यात शंभर भागांत साडेतीन भाग क्षार असतात. पाणी आटत आटत, पाण्याचा दाटपणा मोजणाऱ्या बॉमे मापावर २५ अंशांच्या आसपास आलं की खाण्याचं मीठ धरायला लागतं. त्याच्या आधी जिप्सम खाली बसलेलं असतं. आणि पाणी फारच आटू दिलं तर मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठात उतरतात, म्हणून तेवढं उरलेलं पाणी सोडून द्यावं लागतं. म्हणजे मीठ पिकवणं ही थांबायची वेळ ओळखण्याची कला आहे. पावसाळा संपला की खणांचा चिखल पायांनी तुडवून तळ घट्ट करायचा, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत हंगाम चालवायचा. उन्हात त्या पांढऱ्या चौकोनांकडे नुसतं बघत राहिलं तरी डोळे दुखतात. दिवसभर तिथे राबणाऱ्या माणसांच्या पायांची काय अवस्था होत असेल, हा प्रश्न सहलीला आलेल्या माणसाने स्वतःला विचारावाच.

चंद्राचा हा कारभार कळला की सहलीचं वेळापत्रकही आपोआप ठरतं. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणकीने गुणायचं, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बारा वाजायच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येचं ते उधाण आणि अष्टमीच्या आगेमागे पाण्याचा जोर ओसरतो तो भांग. पाऊणकीचा पाढा शाळेतून गेला, खाडीवर मात्र तो अजून चालतो. खाडीत जायचं, निवट्या पकडणारी माणसं बघायची, होडीने पलीकडे जायचं, तर पंचांग जवळ हवं.

होडीने जायचं ठिकाण म्हणजे पाणजू. नायगाव आणि भाईंदर यांच्यामध्ये वसईच्या खाडीत हे खरंखुरं बेट आहे. पश्चिम रेल्वेची लोकल या बेटावरून जाते, पण थांबत नाही. रोज लाखो माणसं पाणजूवरून जातात आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण नुकतंच एक बेट ओलांडलं याचा पत्ता नसतो. गावात यायचं तर नायगावच्या बाजूने होडी. छोट्या गटाचा मुद्दा इथे पटतो. चाळीस माणसं होडीतून उतरली तर त्या गावाची जत्रा होईल. आठ माणसं आली तर त्यांना पाहुणे म्हणता येतं.

जेवण जूचंद्रला, आगरी घरात. तांदळाची भाकरी, खाडीची कोलंबी नाहीतर चिंबोरी, पावसाळ्याच्या तोंडावर आलात तर सुका जवळा. लग्नसराईत आलात तर हळदीच्या रात्रीचे तांदळाच्या पिठाचे वडे आणि मटणाचा रस्सा, आणि नशीब जोरावर असेल तर धवलारणीची गाणी. आगरी लग्नाच्या विधींत धवलारीण धवले गाते. तिच्या तोंडपाठ गाण्यांवर पूर्वी सगळं लग्न लागायचं. हे हॉटेलात मिळत नाही. वसईचा हा सगळा पट्टा असाच आहे, खरं खाणं उंबऱ्याच्या आत. सिसिलीत शेतघरातल्या जेवणाचं जे कौतुक होतं, ते इथे कुणाच्या खिजगणतीतही नाही, कारण पाहुण्याला वाढणं हा इथे ‘अनुभव’ मानला जात नाही, तो रिवाज असतो.

दुपारनंतर जुनं बेट आणि तिथला वसईचा किल्ला. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईचा शेवट जवळ आणला. तीन तारखांत एवढा इतिहास एका किल्ल्याच्या वाट्याला क्वचित येतो. चर्चच्या ओक्याबोक्या भिंतींमधून वडाची मुळं उतरली आहेत, बाजूला नागेश्वराचं देऊळ आहे, चिमाजी आप्पांचं स्मारक आहे. चर्चच्या घंटा मात्र इथे नाहीत. त्या मराठ्यांनी नेल्या आणि देवळांत टांगल्या: एक वाईजवळच्या मेणवलीला, एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात. सिसिलीतल्या पालेर्मोमध्ये मशिदींची चर्चं झाली आणि चर्चवर अरबी अक्षरं राहिली, हे बघायला माणसं विमानाने जातात. नाशिकच्या घंटेचा आवाज ऐकणाऱ्या किती जणांना त्या धातूमागचं पोर्तुगीज चर्च ठाऊक असतं?

किल्ल्याच्या पलीकडे पाचूबंदरला बोंबील वाळत घातलेले दिसतील, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकलेले. ना खिळा ना चिमटा, माशालाच माशाचा आकडा. पुढे रमेदी. हे गाव-नाव पोर्तुगीज ‘रेमेदियुस’ म्हणजे उपाय, उतारा यावरून आलं, तिथल्या रेमेदी मातेच्या चर्चवरून. याच वसईत सोळाव्या शतकाच्या मध्यास गोन्सालो गार्सिया जन्मले. जपानमध्ये नागासाकी इथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्यांना क्रुसावर मारण्यात आलं आणि १८६२ साली ते संत ठरले. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत ते हेच. मराठीत प्रार्थना करणारा वसईचा ख्रिस्ती समाज साहित्यातही ठसठशीत उभा आहे. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वसईचे.

इथे पुन्हा खाणं. नाताळात वसईच्या ख्रिस्ती घरांत फुगे तळतात. मैद्याच्या पिठात अंडं आणि नारळाचं दूध घालायचं, पूर्वी पीठ आंबवायला ताडी असायची. पीठ फुगून आलं की ते मुठीतून पिळून, गोळा सोडत तेलात टाकायचं. सिसिलीत संत जोसेफच्या सणाला ‘स्फिंचे’ नावाचे असेच पिठाचे फुगलेले गोळे तळतात. फुग्यांबरोबर इंद्याल. या शब्दाच्या पोटात पोर्तुगीज ‘विन्या द आल्यूश’ म्हणजे दारू आणि लसूण दडले आहेत. तिकडे मांस द्राक्षाच्या दारूत मुरवत, इथे द्राक्ष नव्हतं, मग ताडीचा सिरका आला आणि मिरची आली. मसाला बाटलीतला: उन्हाळ्यात वीसएक जिनसा भाजून, कांडून, गडद बाटल्यांत ठासून भरलेला, वर्षभर टिकणारा. आणि जाताना घ्यायची ती सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, ती तांबूस, चिवट, मधासारखी गोड झाली की केळीच्याच वाळक्या पानात गुंडाळून सोपाने बांधायची. फळ, कागद आणि दोरा, तिन्ही एकाच झाडाचे.

दिवाळीत आलात तर संध्याकाळी परत जूचंद्र. हे गाव रांगोळीकारांचं. दिवाळीत इथे रांगोळ्यांचं प्रदर्शन भरतं आणि जमिनीवर माणसांचे चेहरे उमटतात, डोळ्यांतल्या पाण्यासकट. आधी चौकटी आखून रेखाटन, मग रांगोळीत लेक कलर मिसळून केलेल्या छटा चिमटीतून, गाळणीतून थरावर थर सोडायच्या. चूक झाली तर पुसून टाकायची सोय फारशी नाही. काम चालू असताना पंखा बंद, दार ओढलेलं, घाम पुसतानाही तो खाली पडू द्यायचा नाही. सिसिलीतल्या नोतो गावी १९८० पासून मे महिन्यात एक आख्खी गल्ली फुलांच्या पाकळ्यांच्या चित्रांनी भरतात आणि ते बघायला देशोदेशीचे लोक येतात. पाकळी मोठी असते, चुकली तर उचलता येते. रांगोळीच्या कणाचं तसं नाही. माझं मत विचाराल तर जूचंद्रचं काम जास्त अवघड.

शेवटचा मुक्काम नालासोपारा, प्राचीन शूर्पारक. इथवर आपण भूमध्य समुद्राशी तुलनाच करत आलो, पण तो समुद्र इथे खरोखरच येऊन गेला आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये सुप्पारा हे बंदर आहे, कल्लिएना म्हणजे कल्याणही आहे. ग्रीक जहाज चुकून कल्याणला आलंच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेत, असंही त्यात नोंदलेलं आहे. कल्याणला जायचा एक जलमार्ग आपल्या पाणजूच्या खाडीतूनच जातो. भडोचला उतरणाऱ्या मालात दारू होती, त्यातही पसंती इटलीच्या दारूला, आणि पोवळी होती.

सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाच्या कोटाची टेकडी खणली आणि आत स्तूप निघाला. त्यातला अस्थिकरंडक आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्याच वर्षी इथे अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. अशोकाचे प्रमुख शिलालेख चौदा. त्यांपैकी सोपाऱ्याला १८८२ मध्ये मिळालेला तुकडा आठव्या लेखाचा, आणि आठवा लेख आहे सहलींबद्दल. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार करत, करमणूक करत, असं तो सांगतो. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर अशोक बोधिवृक्षाच्या स्थानी गेला आणि तिथून धर्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रेत काय करायचं याची यादीही त्यात आहे: श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, वृद्धांना भेटायचं, आणि जनपदातल्या, म्हणजे गावोगावच्या माणसांना भेटून त्यांच्याशी बोलायचं.

सोपाऱ्याहून जूचंद्रला परत जायचं तर लोकलने वसई रोडला उतरायचं आणि दिव्याची गाडी धरायची. त्या मार्गावर गाड्या मोजक्याच असतात, तेव्हा वेळ आधी बघून ठेवावी.