रेणू धरणारं जाळं

2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं ते एका तऱ्हेच्या जाळ्यासाठी! धातूच्या गाठी, त्यांना जोडणारे कार्बनी दोर आणि मध्ये पोकळ्या. याला एमओएफ म्हणतात. पेट्रोलच्या वाफेतले बेंझीन, झायलीनसारखे रेणू आत शिरून भिंतींना चिकटतात, तापवलं की सुटतात. एमओएफ-5 च्या एका ग्रॅमात सुमारे 2900 चौरस मीटर भिंत!

आपल्या जाळ्यात कोण अडकणार ते आस ठरवतो. इथे पोकळी अंगाबरोबर बसतेय का तेही बघावं लागतं: यूआयओ-66 सडपातळ पॅरा-झायलीनपेक्षा जाडा ऑर्थो-झायलीन घट्ट धरतं.

होडीवर चालेल का? एमओएफ-5 दमट हवेनेच मोडतं. यूआयओ-66 पाण्यात टिकतं, पण सांडलेलं तेल उचलणं त्याचं काम नव्हे. बेंझीनमुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो, तेव्हा आम्ही सांगतो: इंजिन चालू करण्याआधी झाकण उघडून वाफ जाऊ द्या.