न संपणारी वीज आणि प्रवेशाचा अर्ज

भूम असो, कळंब असो की लोहारा, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात एक टेबल बहुधा गर्दी खेचून घेतं. प्लायवूडवर बसवलेली मोटर, पट्ट्याने फिरणारं जड चाक, त्याला जोडलेला डायनॅमो आणि टोकाला लुकलुकणारा एलईडी. मागच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : ‘फ्री एनर्जी जनरेटर – एकदा सुरू करा, कायम वीज मिळवा.’ मोटर डायनॅमोला फिरवते, डायनॅमो मोटरला वीज देतो आणि वर दिवाही लागतो, असा दावा असतो.

धाराशिवच्या मुलांना हे स्वप्न का पडतं, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पाऊस बेभरवशाचा, विहिरीत पाणी असलं तर थ्री-फेज लाईट रात्रीची आणि ऐन हंगामात डीपी जळालेली. ज्या पोराने वडिलांना मध्यरात्री बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाताना पाहिलंय, त्याने न संपणाऱ्या विजेचं यंत्र मांडलं, तर त्यामागची कळकळ खरीच असते. पण कळकळ खरी असली म्हणून यंत्र खरं ठरत नाही. हा दावा आता प्रदर्शनापुरताही राहत नाही. प्रमाणपत्र मिळतं, बातमी येते आणि दोन वर्षांनी तेच कात्रण महाविद्यालयीन प्रवेशाच्या अर्जाला जोडलं जातं.

म्हणून आधी हिशेब करू. मोटर आणि डायनॅमो दोन्ही उत्तम, प्रत्येकी ८० टक्के कार्यक्षम आहेत असं धरू. मोटरीला १०० भाग वीज दिली, तर चाकापर्यंत ८० भाग पोचतात आणि डायनॅमोतून ६४ भाग परत येतात. दुसऱ्या फेरीत ४१ उरतात, तिसऱ्या फेरीत २६, चौथ्या फेरीत १७. दिवा अजून लावलेलाच नाही. मग टेबलावर तो लागतो कसा? कधी खाली बॅटरी असते, कधी जड चाकात साठलेली ऊर्जा. दहा किलोचं, २० सेंटिमीटर त्रिज्येचं भरीव चाक मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर त्यात साधारण ३९५ ज्यूल ऊर्जा असते. घर्षणात काहीच गेलं नाही असं मानलं, तरी त्यावर १० वॅटचा दिवा ४० सेकंद चालेल. परीक्षक तेवढाही वेळ थांबत नाहीत, हीच अडचण आहे.

‘पाण्यावर चालणारी गाडी’ हा याच दाव्याचा भाऊ. पाणी म्हणजे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख, आणि राख पुन्हा पेटत नाही. पाण्यातून एक किलो हायड्रोजन वेगळा करायला प्रत्यक्षात ५० युनिटच्या आसपास वीज लागते. तो जाळला की सुमारे ३३ युनिट उष्णता मिळते आणि त्यातला जेमतेम चौथा भाग इंजिन चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे ५० घालून ८ हाती येतात.

ही भुरळ आजची नाही. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पोकळ आऱ्यांत पारा भरलेल्या, आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचं वर्णन आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने, चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. इतका थोर गणिती या कल्पनेत रमला, मग दहावीतलं पोर रमलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. फरक एवढाच, की त्यांच्या काळी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम माहीत नव्हता. तो एकोणिसाव्या शतकात प्रयोगांनी सिद्ध झाला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर त्याआधीच, १७७५ साली, असली यंत्रं तपासायलाही घेणार नाही असं ठरवून टाकलं होतं.

आपला १९७०चा पेटंट कायदाही स्पष्ट आहे. प्रस्थापित निसर्गनियमांच्या विरुद्ध जाणारी गोष्ट कलम ३ प्रमाणे शोधच मानली जात नाही. तरी ‘विद्यार्थ्याला पेटंट’ अशा बातम्या येतात. पालकांनी इथे एक भेद नीट समजून घ्यावा. पेटंटचा अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतोच, मग त्यात तथ्य असो वा नसो. खरी तपासणी त्यानंतर, वेगळी मागणी केल्यावर होते. अर्ज प्रसिद्ध होणं वेगळं आणि पेटंट मंजूर होणं वेगळं. डिझाइनची नोंदणी तर फक्त वस्तूच्या रूपाची असते. ती चालते की नाही, हे त्यात कुणी पाहतच नाही.

आपल्याकडे अभियांत्रिकीचा प्रवेश मुख्यतः सीईटी आणि जेईईच्या गुणांवर होतो, तिथे या कात्रणाला किंमत नाही. पण परदेशी विद्यापीठांचे अर्ज आणि काही खासगी विद्यापीठांच्या मुलाखती यांत प्रकल्प विचारतात. तिथे जाणकार माणूस दोनच प्रश्नांत तळाशी पोचतो : आत किती वॅट गेले? बाहेर किती आले? ‘मोजले नाहीत’ हे उत्तर मिळालं, की मुलाच्या उरलेल्या खऱ्या मेहनतीवरही संशयाची सावली पडते. नुकसान यंत्राचं होत नाही, पोराचं होतं. आणि त्याला बहुतेक वेळा मोठ्यांनीच पुढे ढकललेलं असतं.

संशय घ्यावा तो दाव्यावर, मुलावर नाही. मार्गदर्शक शिक्षकाने टाळ्या वाजवण्याआधी एक मल्टिमीटर हातात द्यावा. बॅटरी काढून यंत्र तासभर चालवायला सांगावं, दर मिनिटाला व्होल्टेज आणि करंट वहीत लिहायला लावावं. यंत्र बंद पडेलच. ते कधी बंद पडलं आणि ऊर्जा कुठे गेली – बेअरिंगमध्ये, पट्ट्यात की तारेच्या उष्णतेत – हे ज्या मुलीने शोधून लिहिलं, तिचा अर्ज कुठल्याही विद्यापीठात मान ताठ ठेवून उभा राहील. शाळकरी मुलांना ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत निवडलेल्या कल्पनेसाठी १० हजार रुपये मिळतात. ते पैसे अशा मोजमापाला लागले तर सार्थकी लागतील.

विषयांची तर आपल्याकडे कमतरताच नाही. कौडगावला ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे, जिल्ह्याच्या माळांवर पवनचक्क्या फिरताहेत. सौर पॅनेलवरच्या धुळीने वीज किती घटते, शेतातला जुना पंप किती युनिट वाया घालवतो, ठिबकचा दाब कमी केला तर बिल किती उतरतं, हे आपल्याच शिवारात मोजता येतं. शिक्षकांनो, पालकांनो, पुढच्या प्रदर्शनात बक्षीस देताना ‘कायम वीज’ लिहिलेला तक्ता पाहू नका, आकड्यांची वही मागा.