इंग्रजीची परीक्षा : कानाची आणि डोळ्यांची

दहावीच्या लेखी परीक्षेआधी रायगडच्या किनारपट्टीवरील माध्यमिक शाळांत तोंडी परीक्षांची लगबग सुरू होते. उरणपासून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनपर्यंत सर्वत्र दृश्य सारखेच असते. इंग्रजीचे शिक्षक विद्यार्थ्याला समोर बसवतात, एखादा उतारा वाचून दाखवतात, दोन-चार प्रश्न विचारतात आणि तक्त्यात गुण मांडतात. अनेकदा उतारा पाठ्यपुस्तकातला असतो आणि आवाज वर्षभर ऐकलेल्या शिक्षकांचाच. विद्यार्थी उत्तरे देतो, गुणही मिळवतो. परंतु त्याला इंग्रजी ऐकून समजते की नाही, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. म्हणजे दहावीला बसणाऱ्या मुलाने या भाषेला दहा वर्षे दिलेली असतात. या दहा वर्षांचे फलित नेमके काय, हे सांगणे परीक्षेचे काम. रायगड जिल्हा राज्य शिक्षण मंडळाच्या मुंबई विभागात येतो. मंडळाच्या पद्धतीनुसार मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी तृतीय भाषा इंग्रजीचे ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी परीक्षेसाठी असतात. ऐकणे आणि बोलणे ही दोन्ही कौशल्ये त्या २० गुणांत सामावलेली आहेत. वाचन आणि लेखन यांचा भार ८० गुणांवर.

या २० गुणांचा इतिहास बोलका आहे. शाळा ते सढळ हाताने वाटतात, अशी ओरड झाल्यानंतर २०१८-१९ या वर्षासाठी भाषांचे तोंडी गुण रद्द झाले आणि १०० गुणांची लेखी परीक्षा आली. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर उतरला. त्याच वर्षी दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता; त्यामुळे सारी घसरण तोंडी गुणांच्या माथी मारता येणार नाही. तरीही पालक आणि शाळांतून नाराजी उमटली आणि २०१९-२० पासून जुनी विभागणी परत आली. या वादात गुण द्यावेत की काढून घ्यावेत, याची चर्चा पुष्कळ झाली. ते गुण नेमके कशाचे, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

ऐकणे वेगळे, वाचणे वेगळे

वाचन आणि श्रवण ही दोन्ही आकलनाचीच कामे असली, तरी त्यांची जात भिन्न आहे. कागदावरचे वाक्य जागेवर थांबून राहते. वाचक मागे जाऊ शकतो, अवघड शब्दापाशी रेंगाळू शकतो. कानावर पडलेले वाक्य पुन्हा हाती लागत नाही. शिवाय छापील शब्दांमध्ये मोकळी जागा असते, बोलण्यात ती नसते. बोलण्याच्या प्रवाहातून शब्द सुटे करणे हे ऐकणाऱ्यालाच करावे लागते.

मराठी कानाला हे काम विशेष जड जाते. मराठीत बहुतेक अक्षरांना बोलताना जवळजवळ सारखे वजन मिळते. इंग्रजीत एका अक्षरावर आघात पडतो आणि बाकीची अक्षरे आक्रसतात. ‘कम्फर्टेबल’ हा शब्द आपण पाच अक्षरांचा मान देऊन उच्चारतो. इंग्रज माणसाच्या तोंडी तो ‘कम्फ्टबल’ होतो. ‘फोटोग्राफ’ ओळखणाऱ्या मुलाला ‘फटॉग्रफर’ ऐकताना तो त्याच कुळातला शब्द आहे, हे चटकन उमगत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मराठी लेखनात काटेकोर असला, तरी बोलण्यात सैल असतो. म्हणून ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतील फरक निसटतो. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ या शब्दांची गल्लत तर सर्वांच्याच परिचयाची.

किनाऱ्यावरील मुलांची भाषिक स्थिती पाहता हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. घरी आगरी किंवा कोळी बोली, शाळेत प्रमाण मराठी. मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यातील काही मुलांची शाळा उर्दू माध्यमाची. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत तर ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीजपासून घडलेली ‘नोलिंग’ ही बोली आजही बोलली जाते. पोर्तुगिजांनी १७४० मध्ये हा प्रदेश सोडला, तरी कानातोंडातली भाषा टिकली. ही मुले दोन-तीन भाषा सहज ऐकतात आणि समजतात. त्यांच्या कानात दोष नाही. इंग्रजी मात्र त्यांच्या कानावर भाषा म्हणून क्वचितच पडते. बहुधा ती फळ्यावर आणि पुस्तकातच दिसते.

वाचले, पण समजले?

वाचनाची परीक्षा तुलनेने सोपी वाटते. पण तिच्यातही फसगत आहे. पुढील अर्थहीन वाक्य पाहावे : ‘वेंगऱ्या झिपाटाने सांजवेळी मिरफी कुंबटली.’ आता प्रश्न : मिरफी कोणी कुंबटली? उत्तर : वेंगऱ्या झिपाटाने. केव्हा? सांजवेळी. दोन्ही उत्तरे बिनचूक आहेत, पूर्ण गुणांना पात्र आहेत, आणि वाक्याचा अर्थ कोणालाही कळलेला नाही. उताऱ्यावरील अनेक प्रश्न विद्यार्थी याच पद्धतीने सोडवतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य उत्तरपत्रिकेत उतरवायचे. हा उतारा पाठ्यपुस्तकातलाच असेल, तर शोधण्याचेही कष्ट नकोत. उत्तर मार्गदर्शकातून पाठ झालेले असते. म्हणूनच मंडळाच्या कृतिपत्रिकेत पुस्तकाबाहेरचा उतारा दिला जातो, आणि वाचनाची खरी कसोटी त्याच उताऱ्यावर लागते.

उच्चार करता येणे आणि अर्थ कळणे यांतील अंतर ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात आकड्यांतून दिसते. २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातील सुमारे ३५ हजार मुलामुलींना घरी भेटून हे सर्वेक्षण झाले. त्यांत इंग्रजी वाक्ये वाचू शकणारे ५७.३ टक्के निघाले. त्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलांनाच वाक्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे शंभरात साधारण ४२ मुले वाचून समजणारी. केवळ मोठ्याने वाचून घेतले असते, तर दर शंभरातील आणखी १५ मुले ‘वाचता येते’ या सदरात जमा झाली असती.

श्रवणाबाबत मात्र एवढाही हिशेब हाती नाही. २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात दहावीची इंग्रजी तपासली गेली. पण ती कागदावरच्या बहुपर्यायी प्रश्नांनी. शिष्यवृत्ती परीक्षेतही इंग्रजी लेखीच असते. कान कोणत्याही मोठ्या परीक्षेत मोजला जात नाही.

जगात काय घडते

ज्या देशांत इंग्रजी बाहेरची भाषा आहे, तेथे हा प्रश्न गांभीर्याने हाताळला गेला. जपानने विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक परीक्षेत जानेवारी २००६ पासून इंग्रजी श्रवण चाचणी आणली आणि प्रत्येक परीक्षार्थ्याच्या हाती ध्वनिमुद्रण ऐकण्याचे छोटे यंत्र दिले. २०२१ पासून तेथे वाचनाला १०० आणि श्रवणाला १०० गुण आहेत. दक्षिण कोरियाच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजीच्या ४५ प्रश्नांपैकी १७ ऐकून सोडवायचे असतात. तेवढा वेळ देशभर विमानांची उड्डाणे आणि अवतरणे थांबवली जातात. परदेशी शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या ‘आयईएलटीएस’ परीक्षेत ४० प्रश्नांची श्रवण चाचणी असते आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जाते.

रायगडच्या शाळेत विमाने थांबवण्याची सोय नाही, आणि गरजही नाही. मात्र या परीक्षांमागची तत्त्वे साध्या वर्गातही पाळता येतात.

चांगली चाचणी कशी असते

पहिले तत्त्व नवेपणाचे. ऐकवायचा मजकूर विद्यार्थ्याने आधी वाचलेला नसावा, आणि तो बोलण्यासारखा असावा. निबंधातील लांबलचक वाक्ये मोठ्याने वाचून दाखवणे म्हणजे श्रवण चाचणी नव्हे. सूचना, संवाद, दूरध्वनीवरचा निरोप, हवामानाचा इशारा असे मजकूर योग्य ठरतात.

दुसरे तत्त्व असे की, उत्तर ऐकल्यावाचून देता येऊ नये. येथे स्थानिक विषय निवडताना सावध राहावे लागते. समजा, कुलाबा किल्ल्यावर जाणाऱ्या पर्यटकांसाठीची सूचना ऐकवली आणि ‘किल्ल्यावर पायी केव्हा जाता येते?’ असे विचारले, तर अलिबागचे मूल कान झाकूनही ‘ओहोटीला’ असे उत्तर देईल. तेथे गुण इंग्रजीला मिळत नाहीत; घराच्या पत्त्याला मिळतात. त्याच सूचनेत ‘आज साडेचारच्या आत परत या’ असे असेल आणि प्रश्न त्या वेळेविषयी असेल, तर मात्र ऐकावेच लागेल. जंजिऱ्यावरील वाचन उताऱ्यालाही हाच नियम लागू पडतो.

तिसरे तत्त्व : एका कौशल्याची परीक्षा घेताना दुसऱ्याचे ओझे घालू नये. ऐकून समजले, पण इंग्रजी वाक्य लिहिता आले नाही म्हणून गुण गेले, तर ती लेखनाची परीक्षा झाली. म्हणून श्रवणाची उत्तरे खूण करणे, आकडा लिहिणे, नकाशावर वाट दाखवणे, चित्रे क्रमाने लावणे अशा स्वरूपाची असावीत. प्रश्न मराठीत विचारले तरी बिघडत नाही. प्रश्न आधी वाचायला द्यावेत, म्हणजे काय ऐकायचे हे मुलाला ठाऊक असते. अन्यथा परीक्षा स्मरणशक्तीची होते.

चौथे तत्त्व आवाजाचे. ओळखीच्या शिक्षकांचे इंग्रजी समजणे ही पहिली पायरी. अनोळखी आवाज समजणे ही खरी कसोटी. शेजारच्या शाळेतील शिक्षकांनी भ्रमणध्वनीवर मजकूर मुद्रित करून दिला, तरी हे साधते. जोडलेला साधा ध्वनिवर्धक पुरेसा असतो. मात्र मागच्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू येते का, हे आधी तपासले पाहिजे. पत्र्याच्या छपराखालील वर्गात पावसाळ्यात अशी चाचणी घेणे अन्यायाचे ठरेल. मुद्रण किती वेळा ऐकवायचे, हेही सर्वांसाठी आधी ठरलेले असावे. ज्या विद्यार्थ्यांना कमी ऐकू येते, त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था हवी.

पाचवे तत्त्व प्रश्नांच्या पायऱ्यांचे. काही प्रश्न सरळ तपशिलाचे, काही एकंदर आशयाचे, काही न सांगितलेले ओळखण्याचे असावेत. बोलणारा रागावलेला आहे की काळजीत, तो काय करणार आहे, हे कळणे म्हणजे आकलन. वाचनातही तसेच. उताऱ्यातील वाक्य उतरवून भागणार नाही, असा किमान एखादा प्रश्न हवाच.

जुन्या शाळांतील श्रुतलेखनालाही येथे स्थान आहे. ऐकलेल्या वाक्यात मुलाने कोठे शब्द तोडला, कोणता छोटा शब्द त्याच्या कानातून निसटला, हे वहीत स्पष्ट दिसते. गुण देण्यापेक्षा दोष शोधण्यासाठी श्रुतलेखन अधिक उपयोगी.

किनाऱ्यावर याचे मोल

हे सारे केवळ गुणपत्रिकेपुरते नाही. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतील अनेक घरांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर आणि आखातात नोकरी करीत आली आहेत. उरण तालुक्यात १९८९ पासून न्हावा-शेवा बंदर उभे आहे. बंदर, जहाज आणि बोटीवरची कामे इंग्रजी आदेशांवर चालतात, आणि ते आदेश बहुधा छापून येत नाहीत. गोंगाटात, बिनतारी यंत्रावर, परक्या उच्चारांत कानावर येतात.

ऐकण्यातली चूक समुद्रात किती महाग पडते, हे ओळखूनच आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजांवरील संभाषणासाठी प्रमाण वाक्ये मंजूर केली. त्यांत संदिग्ध शब्द टाळले आहेत. आकडेही एकेक अंक सुटा करून उच्चारायचे असतात. ‘वन हंड्रेड अँड फिफ्टी’ असे न म्हणता ‘वन-फाइव्ह-झीरो’ म्हणायचे. कारण ‘फिफ्टी’ आणि ‘फिफ्टीन’ यांतील फरक वाऱ्यात विरून जातो. जगभरच्या खलाशांना जी अडचण आहे, तीच दहावीच्या वर्गातील मुलाला आहे. फरक एवढाच की, खलाशांसाठी कोणीतरी ती मोजली आणि तिच्यावर उपाय शोधला.

तोंडी परीक्षेच्या गुणांपैकी काही जरी अनोळखी आवाजातील, न वाचलेल्या मजकुरावर आधारले गेले, तर निकालाचा टक्का कदाचित थोडा खाली येईल. पण कोणत्या मुलाला आकडे ऐकू येत नाहीत, कोणाला वाक्याचा शेवट सापडत नाही, कोणाला वाचता येते पण अर्थ लागत नाही, हे शिक्षकांना कळेल. ही चाचणी दहावीच्या वर्षाअखेर घेण्याऐवजी आठवीत आणि नववीत घेतली, तर दुरुस्तीला वेळही मिळेल. सर्वांना वीसपैकी अठरा देणाऱ्या परीक्षेतून मुलाला एवढेच कळते की, आपले इंग्रजी चांगले आहे. ते तसे नाही, हे त्याला पुढे बंदरातील पहिल्या मुलाखतीत कळते. आणि तेव्हा समजावून सांगायला शिक्षक जवळ नसतात.