अंगावरून वारे गेल्यावर : यंत्र हवे की सराव?



मेंदूचा रक्तपुरवठा अडला किंवा मेंदूतली रक्तवाहिनी फुटली की शरीराची एक बाजू लुळी पडते. आपण म्हणतो, अंगावरून वारे गेले. हाच लकवा, पक्षाघात. जीव वाचल्यावर घरचे विचारतात, "पुन्हा चालता येईल ना?" नेमके तेव्हाच कोणीतरी चालण्याच्या यंत्राचे महागडे पॅकेज सुचवते आणि मंगळसूत्र गहाण ठेवायची वेळ येते. वस्त्यांत काम करताना आम्ही हे पाहतो, म्हणून हा लेख.

या यंत्रात रुग्णाला वरून टांगलेल्या हार्नेसमध्ये अडकवतात. अंगाचा काही भार हार्नेस पेलतो. पायाखाली ट्रेडमिल हळू सरकते आणि फिजिओथेरपिस्ट लुळा पाय उचलून पुढे ठेवतात. ताकद येईल तसा आधार कमी करतात. तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली की मेंदूचा शाबूत भाग ती नव्याने शिकतो, हा त्यामागचा विचार.

तपासल्याशिवाय मानू नका, ही तथागतांची शिकवण. अमेरिकेत हे यंत्र 408 रुग्णांवर तपासले गेले. निष्कर्ष 2011 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले. एका गटाला दोन महिन्यांनी यंत्रावर चालवले, दुसऱ्याला सहा महिन्यांनी. तिसऱ्या गटाला फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन ताकदीचे व तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले. वर्षअखेर एकूण 52 टक्के रुग्णांचे चालणे वरच्या पातळीवर गेले होते आणि तिन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. उलट, खूप अशक्त रुग्णांपैकी ज्यांना लवकर यंत्रावर चालवले, ते जास्त वेळा पडले.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. यंत्र वाईट नाही. सरकारी रुग्णालयात मिळत असेल तर जरूर वापरा, पण त्यासाठी कर्ज नको. आणि "सहा महिने झाले, आता काही होणार नाही" हे खरे नाही. उशिरा सुरुवात केलेलेही सुधारले.

मात्र घरचा व्यायाम म्हणजे मनाला येईल तो व्यायाम नव्हे. त्या रुग्णांना प्रत्येकी 36 सत्रे ठरली होती. आधी फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या, व्यायाम शिकून घ्या, मग रोज करा : खुर्चीवरून उठणे-बसणे, लुळ्या पायावर भार देणे, गल्लीत थोडे चालणे. रुग्णाच्या लुळ्या बाजूला उभे राहा. लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. सैल चप्पल घालू देऊ नका. छातीत दुखले, चक्कर आली, दम लागला तर लगेच थांबवा. बीपीची गोळी चुकवू नका. कबुतराचे रक्त चोळून पाय चालत नाही.

मुंबईत केईएम, नायर, सायन रुग्णालयांत आणि हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत फिजिओथेरपी मिळते. इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

हा सराव महिनोन्महिने चालतो. तो एकट्या सुनेवर टाकू नका. मुलगा, जावई, शेजारी, विहारातले तरुण यांनी पाळ्या लावून घ्याव्यात. आणि डिस्चार्जच्या दिवशीच डॉक्टरांना विचारा, "फिजिओथेरपी कधीपासून, कुठे?" उत्तर कागदावर लिहून घेतल्याशिवाय घरी निघू नका.