चौकोन का कलतो?

चिंचवडहून आकुर्डीकडे लोकलने जाताना खिडकीबाहेर नीट पाहा. एखादी उघडी शेड लागली तर छपराखालच्या लोखंडी कैच्या दिसतील. दूरवर विजेच्या तारांचे उंच मनोरे दिसतील. या साऱ्यांत उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या जोडीला तिरक्या पट्ट्याही आहेत. त्या काढून टाकल्या तर तेवढे लोखंड वाचेल. मग त्या घालण्याचा खर्च का करतात? याचे उत्तर घरातल्या काडेपेटीतून काढता येईल.

लाकडी काड्यांची एक काडेपेटी घ्या (मेणाच्या काड्या चालणार नाहीत). सायकल दुरुस्तीच्या दुकानातून वीतभर व्हॉल्व्ह-ट्यूब आणा. बाभळीचा एक काटा किंवा जाड सुई, थोडा दोरा आणि खराट्याचे दोन हीरही जवळ ठेवा. काड्यांचे गुल मोठ्या माणसांकडून आधी खरवडून घ्या आणि ती पूड चुलीपासून दूर टाका.

ही युक्ती अरविंद गुप्ता यांची. आय. आय. टी. कानपूरमधून १९७५ साली अभियंता होऊन ते टेल्कोच्या पुणे कारखान्यात लागले. हा कारखाना पिंपरी-चिंचवडचाच. आज कंपनीचे नाव टाटा मोटर्स आहे. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तेथील खेड्यांतल्या सरकारी शाळांत १९७२ पासून प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम चालू होता. शहरातून महागडे साहित्य आणण्यापेक्षा आठवडी बाजारात मिळेल त्यावर भागवायचे होते. त्या शोधात व्हॉल्व्ह-ट्यूब आणि काडी यांची जोडी जमली. ट्रक बनवणाऱ्या माणसाला एवढ्याशा रबरी नळीत सांधा दिसावा, याची मला फार गंमत वाटते.

आता कामाला लागू. ट्यूबचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे कापा. तुकड्याच्या दोन्ही टोकांतून एकेक काडी सरकवली की दोन काड्यांचा सांधा झाला. तो हवा तसा वाकतो. अशा तीन सांध्यांनी तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि चार सांध्यांनी चार काड्यांचा चौकोन.

दोन्ही आकृत्या टेबलावर सपाट ठेवून कोपऱ्यावर बोटाने दाबा. त्रिकोण रबरामुळे किंचित लवेल, पण आपला आकार सोडणार नाही. चौकोन मात्र लगेच कलतो आणि पतंगासारखा होतो.

असे का? भूमितीतली 'बाबाबा' कसोटी आठवा. तीन बाजू ठरल्या की त्रिकोणाचे कोनही ठरून जातात. बाजूची लांबी बदलल्याशिवाय कोन बदलूच शकत नाही. चौकोनाचे तसे नाही. त्याच चार बाजूंचे हवे तितके वेगवेगळे चौकोन होतात. परीक्षेपुरती पाठ केलेली कसोटी इथे बोटाला जाणवते.

आता चौकोन इतका कलू द्या की समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत पाचवी काडी बरोबर बसेल. त्या दोन सांध्यांना मधोमध काट्याने भोके पाडा, काडीची दोन्ही टोके तासून त्यांत खुपसा. (काटा टोचताना सांधा टेबलावर धरा. मी हातात धरला होता, तो बोटात घुसला!) चौकोनाचे दोन त्रिकोण झाले आणि तो ताठ झाला. काटकोनी चौकोनच हवा असेल तर कर्ण काडीपेक्षा लांब पडतो. तिथे हीर मोजून तोडा.

हिराऐवजी दोरा बांधला तर? नवा काटकोनी चौकोन घ्या. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून बांधा. खालची काडी दाबून धरा आणि वरची उजवीकडे ढकला. कर्ण लांबू पाहतो, दोरा त्याला अडवतो. डावीकडे ढकला, दोरा सैल पडतो आणि चौकोन कोसळतो. दोऱ्याला ओढ सोसते, दाब सोसत नाही. दुसऱ्या कर्णावरही दोरा बांधला की दोन्ही बाजूंचा बंदोबस्त झाला. शेडच्या खांबांमध्ये सळयांची फुली दिसते, ती याचसाठी.

आता हिशेब करा. त्रिकोणाला तीन काड्या लागल्या, चौकोनाला पाच. पंचकोन ताठ व्हायला सात लागतील. प्रत्येक नव्या कोपऱ्याला दोन काड्या, कारण सपाटीवरचा बिंदू दोन काड्यांनी जखडला जातो. दहा कोपऱ्यांना किती, ते करण्याआधी वहीत लिहून ठेवा.

सपाटी सोडून उभ्या आकृत्यांकडे वळलात की नव्या कोपऱ्याला दोन काड्या पुरत नाहीत, तीन लागतात. त्रिकोणाच्या तिन्ही सांध्यांना भोके पाडून तीन काड्या उभ्या करा आणि वर त्यांची टोके एकत्र जोडा. सहा काड्यांचा हा तंबू पुस्तकाचे ओझेही पेलेल. घनाला आठ कोपरे आणि बारा कडा. नुसत्या बारा काड्यांचा घन तळहातावर ठेवताच बसकण मारतो. त्याला आणखी सहा हीर तिरके घालावे लागतात. ते कोठे घालायचे, हे तुम्हीच शोधा.